स्टेशन आलं की

मुरगाव बंदरातून निघालेलं संशोधन-जहाज खोल समुद्रात पोचलं की त्यावरची माणसं हळूहळू वार आणि तारीख विसरू लागतात. कुणाला विचारावं, तर उत्तर येतं, "सातवं स्टेशन झालं, आठवं पहाटे अडीचला आहे." स्टेशन म्हणजे अक्षांश-रेखांशांनी आधीच ठरवून ठेवलेला नकाशावरचा एक ठिपका. तिथे खांब नसतो, बोया नसतो, चहूकडे पाणीच असतं. जहाज त्या ठिपक्यावर येऊन थांबतं, वाऱ्याकडे तोंड करून जागा धरून राहतं, पाण्यात उपकरणं सोडतं, ती वर घेतं आणि पुढच्या ठिपक्याकडे निघतं. पहाटेचे अडीच असोत नाहीतर दुपारच्या जेवणाची वेळ, स्टेशन आलं की पाळीवरच्या माणसांनी डेकवर हजर व्हायचं असतं.

भारताच्या समुद्रसंशोधनाचा मोठा भाग गोव्यातून चालतो. झुआरीच्या मुखाशी उत्तरेला दोना पावलाच्या टेकडीवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. १ जानेवारी १९६६ रोजी ती स्थापन झाली. दक्षिणेला, वास्कोजवळच्या हेडलँड सडा इथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. पहिल्या संस्थेकडे 'सिंधु साधना' हे ८० मीटर लांबीचं जहाज आहे. ते २०१४ साली सेवेत आलं. दुसऱ्या संस्थेकडे 'सागरकन्या' आहे. १९८३ मध्ये जर्मनीत बांधलेली ही नौका १०० मीटरांहून किंचित लांब आहे आणि तिच्यावर ३२ शास्त्रज्ञांची सोय आहे. दोन्ही जहाजं बंदराला न लागता दीड महिना समुद्रात राहू शकतात. मोठ्या मालवाहू जहाजांच्या शेजारी ती लहानखुरी दिसतात. पण त्यांच्या मागच्या डेकवर विंच, क्रेन आणि पाण्यावर झुकलेली लोखंडी चौकट असते, आणि आत प्रयोगशाळांची रांग असते.

डेकवरच्या सगळ्या उपकरणांत सर्वाधिक वेळा पाण्यात जातं ते सीटीडी. क्षारता मोजण्यासाठी पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि खोली या तीन गोष्टी ते टिपतं, आणि तेही सेकंदाला २४ वेळा. त्याच्याभोवती पोलादी चौकटीत गोलाकार बसवलेल्या १२ किंवा २४ उंच नळकांड्यांसारख्या बाटल्या असतात. त्यांना निस्किन बाटल्या म्हणतात. खाली जाताना त्या दोन्ही टोकांनी उघड्या असतात. जाड तारेवर सीटीडी साधारण सेकंदाला एक मीटर या वेगाने उतरत जातं आणि आतल्या संगणकाच्या पडद्यावर रेषा उमटू लागतात. पृष्ठभागावरचं पाणी २८ अंशांचं असतं. मग त्याखालच्या शे-दोनशे मीटरांत तापमान झपाट्याने घसरतं आणि त्याखाली ते किलोमीटरभर सावकाश उतरत राहतं. ४,००० मीटरवर दाब पृष्ठभागापेक्षा सुमारे चारशे पट असतो. तिथवर पोचायला तासाहून जास्त वेळ लागतो. परतीच्या वाटेवर ठरलेल्या खोलीला थांबायचं आणि पडद्यासमोरच्या माणसाने कळ दाबायची, की एक बाटली बंद होते. शेवटची बाटली बंद होऊन सगळं डेकवर येईपर्यंत तीन तास उलटलेले असतात.

खरी लगबग सुरू होते ती यानंतर. सीटीडी डेकवर टेकवून बांधलं की त्याच्याभोवती रांग लागते, आणि त्या रांगेचा क्रम कुणाच्या हुद्द्यावरून ठरत नाही. तो रसायनशास्त्र ठरवतं. ज्यांना पाण्यात विरघळलेले वायू मोजायचे असतात ते पहिले, कारण बाटली उघडली की हवा आत शिरू लागते. म्हणून आधी प्राणवायू, मग कार्बनचे घटक, मग नायट्रेट-फॉस्फेट-सिलिकेट आणि सर्वांत शेवटी क्षारता. वरिष्ठ शास्त्रज्ञाला क्षारतेचा नमुना हवा असेल तर पीएच.डी. करणाऱ्या मुलीचा प्राणवायूचा नमुना होईपर्यंत तो थांबतो. शेजारी एक जण कागदावर टिपण करत असतो: कोणती निस्किन बाटली, किती खोली, नमुन्याच्या कुपीचा क्रमांक कोणता. इथे एक आकडा चुकला तर हजारो मैलांचा प्रवास करून आणलेला नमुना निरुपयोगी ठरतो, कारण त्या ठिपक्यावर तेच पाणी पुन्हा मिळणार नसतं.

प्राणवायूच्या नमुन्यापाशी जरा जास्त थांबायला हवं, कारण त्याचा संबंध कोकणच्या किनाऱ्याशी आहे. निस्किन बाटलीच्या तोटीला रबरी नळी लावतात, नळीतला प्रत्येक बुडबुडा बोटांनी दाबून बाहेर काढतात आणि काचेच्या लहान कुपीत तळापासून पाणी भरत ते ओसंडू देतात. मग त्यात दोन द्रावणं टाकायची: एक मँगनीज क्लोराइडचं, दुसरं अल्कधर्मी आयोडाइडचं. बूच लावून कुपी उलटसुलट करायची. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनज्ञाने १८८८ मध्ये शोधलेली ही पद्धत आजही जहाजावर रोज वापरली जाते आणि महागड्या संवेदकांची आकडेवारी तिच्याशीच ताडून पाहतात. पृष्ठभागाच्या पाण्यात प्राणवायू भरपूर असतो, त्यामुळे कुपीत दाट तपकिरी साका बसतो. अरबी समुद्रात तीनशे-चारशे मीटरवरून आणलेल्या पाण्यात तोच साका पांढरा राहतो. पहिल्यांदा सफरीवर आलेला विद्यार्थी तो पांढरा रंग पाहून आपलंच काही चुकलं असं समजतो. चुकलेलं काहीच नसतं. त्या पाण्यात प्राणवायूच जवळजवळ नसतो.

साधारण १५० मीटरपासून १,००० मीटरपर्यंत पसरलेला हा थर जगातल्या सर्वांत मोठ्या प्राणवायूहीन पट्ट्यांपैकी एक आहे. वरच्या उजेडात वाढलेले प्लवक मरून खाली पडतात, जीवाणू त्यांचं विघटन करताना प्राणवायू संपवतात, आणि उत्तरेकडून जमिनीने बंद असलेल्या या समुद्रात ताजं पाणी फार सावकाश येतं. प्राणवायू संपल्यावर जीवाणू नायट्रेट वापरू लागतात. या प्रक्रियेत नायट्रस ऑक्साइड तयार होतो. वजनास वजन घेतलं तर हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट उष्णता अडवतो.

पावसाळ्यात हा थर किनाऱ्याजवळ चढून येतो. नैर्ऋत्य वाऱ्यांच्या दिवसांत आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खालचं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी उथळ तळावर सरकतं. वर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा पातळ थर झाकणासारखा बसलेला असल्याने हवा खाली मिसळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाशी परिस्थिती इतकी बिघडते की हायड्रोजन सल्फाइडही आढळतो. तळाशी राहणारे मासे आणि कोळंबी असं पाणी टाळतात. मग हिवाळ्यात प्रवाह उलटून उत्तरेकडे वाहू लागतो आणि किनारा पुन्हा श्वास घेतो. दोना पावलाच्या संस्थेतल्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिलं, की या किनारी पाण्यातून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो आणि प्राणवायूची टंचाई तीव्र होत चालली आहे. तो निष्कर्ष एका सफरीतून निघालेला नाही. गोव्याच्या कांदोळी किनाऱ्यासमोर, २८ मीटर पाण्यात, ही मंडळी वर्षानुवर्षं त्याच त्या जागी जाऊन पाणी भरत आली आहेत. १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठल्यावर ज्या समुद्रात कोकणातल्या होड्या उतरतात, त्याच्या तळाशी काय चाललं आहे हे आज सांगता येतं ते या चिकाटीमुळे.

जहाजावरच्या कामाची तयारी जमिनीवर महिनाभर आधी सुरू होते. जहाज हलत असताना रासायनिक तराजू चालत नाही. त्यामुळे प्रत्येक रसायन संस्थेतच मिलिग्रॅमपर्यंत तोलून, पुड्या बांधून, नाव-तारीख लिहून न्यावं लागतं. एखादी गोष्ट विसरली तर दीड महिना ती मिळण्याची सोय नाही. म्हणून प्रत्येक वस्तू दुहेरी, महत्त्वाची तिहेरी. बंदरात खोके चढले की प्रयोगशाळेतली टेबलं, यंत्रं, बाटल्यांचे क्रेट, सगळं दोरांनी आणि पट्ट्यांनी बांधतात. निघाल्यावर चोवीस तासांच्या आत सुरक्षेची कवायत होते. सात आखूड आणि एक लांब भोंगा वाजला की हातातलं काम टाकून लाइफ जॅकेट घालायचं आणि आपल्या ठरलेल्या जागी उभं राहायचं. चीफ सायंटिस्ट असो की पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, यातून कुणालाही सूट नाही.

त्यानंतर बोट लागते. किनारा दिसेनासा झाला आणि लाटा लांब झाल्या की नवख्यांचे चेहरे उतरतात. अनुभवी माणसांचा सल्ला ठरलेला असतो: केबिनमध्ये पडून राहू नका, डेकवर या, क्षितिजाकडे बघा, पोट रिकामं ठेवू नका. कोरडी बिस्किटं आणि चुरमुरे यांना त्या दिवसांत फार भाव येतो. अॅव्होमिनच्या गोळीने झोप येते आणि पाळी तर चुकवता येत नाही, त्यामुळे गोळी घ्यायची की नाही हाही विचार करावा लागतो. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत लाटांशी जुळवून घेतं. काहींचं महिनाभर जुळत नाही, तरीही ती माणसं बादली शेजारी ठेवून नमुने भरत राहतात आणि पुढच्या सफरीलाही नाव देतात.

जेवणाच्या वेळा जहाजाच्या शिस्तीच्या असतात आणि रात्रीचं जेवण संध्याकाळीच उरकतं. पोळ्या, वरण-भात, चिकन, मासे, रविवारी काही गोडधोड. पहिल्या आठवड्यात पालेभाज्या संपतात, मग टोमॅटो, मग फळं. शेवटच्या पंधरवड्यात कांदा, बटाटा, कोबी आणि कडधान्यं उरतात. समुद्रात माणसाची मनःस्थिती किती जेवणावर अवलंबून असते हे जहाजावरच्या भंडाऱ्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. मध्यरात्रीच्या पाळीसाठी तो काहीतरी झाकून ठेवतो. पिण्या-वापरण्याचं पाणी समुद्राच्या पाण्यापासूनच यंत्राने तयार करतात, त्यामुळे आंघोळीला किती पाणी वापरायचं याचं भान आपोआप येतं.

अशा लेखांमध्ये नेहमी शास्त्रज्ञांविषयी लिहिलं जातं आणि खलाशांविषयी राहून जातं. ते बरोबर नाही. टनभर वजनाचं सीटीडी डोलणाऱ्या जहाजावरून पाण्यात सोडणं आणि तसंच वर घेणं हे काम सारंग आणि त्याच्या हाताखालच्या माणसांचं असतं. उपकरण पाण्यातून वर येण्याचा क्षण सर्वांत धोक्याचा. पुढची लाट कधी येईल, तार कधी ताणावी, कधी सैल सोडावी, हा अंदाज पुस्तकातून येत नाही. ताणलेल्या तारेच्या रेषेत कुणी उभं राहिलं तर सारंग त्याला ओरडून बाजूला काढतो, मग तो प्राध्यापक असला तरी. ब्रिजवर अधिकारी चार-चार तासांच्या पाळ्यांनी उभे असतात: बारा ते चार, चार ते आठ, आठ ते बारा, पुन्हा तेच चक्र. स्टेशनवर जहाज एका जागी धरून ठेवणं हे सरळ चालवण्यापेक्षा अवघड आहे, कारण वारा एकीकडे ढकलतो आणि प्रवाह दुसरीकडे. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग आणि गोवा इथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या जगातल्या जहाजांवर हे काम केलेलं आहे. संशोधनाच्या निबंधांत आभाराच्या परिच्छेदात खलाशांचा एक ओळीत उल्लेख येतो. त्यांचा वाटा त्याहून कितीतरी मोठा आहे.

रात्री जाळी टाकतात. प्लवकांतले असंख्य जीव दिवसा शेकडो मीटर खाली अंधारात लपतात आणि सूर्य मावळला की खाण्यासाठी वर येतात. हे पृथ्वीवरचं सर्वांत मोठं रोजचं स्थलांतर आहे. दिवसा आणि रात्री त्याच जागी टाकलेल्या जाळ्यांत म्हणूनच वेगवेगळी दुनिया सापडते: कोपेपॉड, पारदर्शक बाणकिडे, अंगावर दिव्यांच्या रांगा असलेले बोटभर लांबीचे मासे. हरितद्रव्याचे नमुने मंद उजेडात गाळावे लागतात. प्रकाशसंश्लेषण मोजणाऱ्या बाटल्या पहाटेपूर्वी समुद्रात सोडून सूर्यास्ताला परत घ्याव्या लागतात. एकेकाचं काम उजेडावर आणि दुसऱ्याचं अंधारावर चालत असल्याने या जहाजावर सगळे एकाच वेळी झोपलेत असं कधी होत नाही.

मधूनच विरंगुळाही असतो. थर्मोकोलच्या कपांवर रंगीत पेनांनी नावं आणि चित्रं काढून, ते जाळीच्या पिशवीत भरून सीटीडीबरोबर खाली पाठवायची पद्धत जगभरच्या जहाजांवर आहे. कप वर येतात ते अंगठ्याएवढे होऊन, त्यावरची अक्षरंही तितकीच बारीक होऊन. दाबाविषयीचं सूत्र शाळेत पाठ केलेल्या मुलाला दाब म्हणजे काय ते त्या वेळी हातात मिळतं.

आणि चिखल. लांब पोलादी नळी वजनासकट तळाच्या गाळात घुसवून वर घेतली की आत गाळाचा दंडगोल येतो. बाहेर उन्हाने डेक तापलेला असतो आणि चार किलोमीटर खोलीवरचा तो चिखल फ्रिजमधून काढल्यासारखा गार लागतो. खोल समुद्रात हजार वर्षांत दोन-चार सेंटीमीटर गाळ साचतो. पाच मीटरांच्या नळीत लाखभर वर्षांचा इतिहास येऊ शकतो. त्यात फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची चुन्याची कवचं असतात. त्यातल्या काही जातींची संख्या अरबी समुद्राच्या पश्चिम भागात मान्सूनचे वारे जोरदार असताना वाढते. कवचं मोजून हजारो वर्षांपूर्वीच्या मान्सूनची चढउतार वाचता येते. समुद्रात नळी वर घेणं हा त्यातला तासाभराचा भाग. पुढची वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली जातात.

मान्सूनचा अभ्यास करायचा तर मान्सूनमध्येच समुद्रात जावं लागतं, आणि तो काळ जहाजासाठी सर्वांत वाईट असतो. १९९९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अशाच एका मोहिमेत 'सागरकन्या' बंगालच्या उपसागरात उभी राहून हवेत फुगे सोडत आणि पाण्यात उपकरणं उतरवत होती. नौदलाशी संबंधित 'सागरध्वनी' हे जहाजही त्या मोहिमेत होतं. पाऊस पडून गेल्यावर थंडावलेला समुद्राचा पृष्ठभाग काही दिवसांत पुन्हा तापतो, आणि वरचा गोड्या पाण्याचा थर त्याला मदत करतो, हे त्या मोहिमेच्या निरीक्षणांतून समोर आलं. २००२ साली अशीच मोहीम अरबी समुद्रात निघाली. पश्चिम किनाऱ्यावर मुसळधार पाऊस कसा पडतो ते तिला पाहायचं होतं. त्याच वर्षीचा जुलै देशभर कोरडा गेला, पाऊस सरासरीच्या जवळपास निम्म्यावर आला. शास्त्रज्ञांनी मोजमाप थांबवलं नाही. पाऊस दडी मारतो तेव्हा समुद्रावरची हवा कशी असते, याची नोंद शेतकऱ्यांच्या देशाला तितकीच गरजेची होती.

समुद्रात जाऊन मोजण्याच्या या परंपरेला साठहून जास्त वर्षं झाली आहेत. १९५९ ते १९६५ या काळातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत अनेक देशांची जहाजं या पाण्यात फिरली. भारताकडून नौदलाची 'कृष्णा' ही युद्धनौका प्रयोगशाळा बनून गेली. स्वतःचं संशोधन-जहाज मिळालं ते १९७६ मध्ये. गाळ वाहून नेणाऱ्या बार्जमध्ये फेरफार करून कोलकात्यात तयार झालेली 'गवेषणी'. २६ जानेवारी १९८१ रोजी याच जहाजाने समुद्रतळावरून बहुधातुक गोळे वर आणले. त्यापुढच्या सर्वेक्षणांच्या बळावर १९८७ साली हिंदी महासागराच्या तळातलं क्षेत्र मिळवणारा भारत हा जगातला पहिला नोंदणीकृत अग्रणी गुंतवणूकदार देश ठरला. दोना पावलाच्या संस्थेतल्या अदिती पंत, जन्माने नागपूरच्या आणि पुणे विद्यापीठाच्या पदवीधर, १९८३ च्या मोहिमेतून सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह अंटार्क्टिकाला गेल्या. भारतीय मोहिमेतून तिथे जाणाऱ्या पहिल्या स्त्रिया त्या दोघी. २०२१ च्या मार्चमध्ये 'सिंधु साधना' विशाखापट्टणमहून हिंदी महासागरातल्या सूक्ष्मजीवांच्या जनुकांचा नकाशा करायला निघाली, तेव्हा तिच्यावरच्या २३ शास्त्रज्ञांत सहा स्त्रिया होत्या. हा आकडा अजून वाढायला हवा.

आता उपग्रह आहेत, आणि जगभरच्या समुद्रांत सुमारे चार हजार आर्गो तरंगते, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहणारी स्वयंचलित उपकरणं, आहेत. ते दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत बुडी मारून आकडे पाठवतात. मग जहाजं कशाला, असा प्रश्न अंदाजपत्रकाच्या वेळी विचारला जातो. उत्तर सरळ आहे. उपग्रहाला पृष्ठभागाखालचं दिसत नाही. तरंगता पाण्याची कुपी भरून आणत नाही, जाळं ओढत नाही, चिखल काढत नाही. त्याचे संवेदक काळानुसार चुकू लागतात आणि ती चूक जहाजावरून मोजलेल्या आकड्यांशी ताडूनच दुरुस्त होते. शिवाय मोकळ्या समुद्रातले बहुतेक तरंगते पाण्यात सोडायलाही जहाजच लागतं.

'सागरकन्या' चाळिशी ओलांडून गेली आहे. २०२४ च्या जुलैमध्ये राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने कोलकात्याच्या गार्डन रीच जहाजबांधणी कारखान्याशी नव्या संशोधन-जहाजाचा करार केला. ते सुमारे ९० मीटर लांबीचं असेल आणि त्यावर ८०० कोटींहून जास्त खर्च होईल. ते वेळेवर पाण्यात उतरावं. मात्र जहाज बांधून काम भागत नाही. त्याला वर्षातले जास्तीत जास्त दिवस समुद्रात काढता येतील एवढं इंधन, दुरुस्तीचा निधी, कायम नोकरीतले तंत्रज्ञ आणि तरुण संशोधकांच्या शिष्यवृत्त्या दरवर्षी न चुकता मिळायला हव्यात. किनाऱ्यालगतच्या पाण्यात प्राणवायू किती उरला आहे, हे दर महिन्याला मोजावं लागतं. एक वर्ष राहिलं तर ते नंतर भरून काढता येत नाही. कोकणातल्या मच्छीमार संस्थांनी, लोकप्रतिनिधींनी आणि विज्ञान शिकवणाऱ्या महाविद्यालयांनी ही मागणी आपली म्हणून लावून धरली पाहिजे.